आईवडिलांचं पेन्शन आणि मुलांचं मेंटेनन्स लोन : इंग्लंडमधल्या मराठी पालकांसाठी

इंग्लंडमध्ये मूल ए लेव्हलला गेलं की घरात विषयांच्या, युनिव्हर्सिट्यांच्या, ग्रेडच्या चर्चा रोज होतात. पैशांची चर्चा मात्र अर्ज भरायच्या आठवड्यात होते, आणि तोवर एका गोष्टीला बराच उशीर झालेला असतो. मुलाला राहण्याखाण्यासाठी किती कर्ज मिळणार हे आईवडिलांच्या उत्पन्नावरून ठरतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्या उत्पन्नातून आईवडिलांनी स्वतःच्या पेन्शनमध्ये भरलेली रक्कम वजा होते, हे फार थोड्यांना माहीत असतं. ज्यांना माहीत असतं त्यांच्यातही निम्मेजण ती चुकीच्या पद्धतीनं वजा करतात. कुणी वजाच करत नाही, कुणी दोनदा करतं.

माझ्या दोन्ही मुलांचे अर्ज या व्यवस्थेतून गेले. नंतर ओळखीतल्या बऱ्याच घरांत बसून मी पी६० (वर्षभराचा पगार आणि कापलेला कर दाखवणारा कंपनीचा कागद) आणि पेस्लिपा पाहिल्या. त्या अनुभवातून हा लेख लिहिते आहे. हा लेख फक्त इंग्लंडपुरता, म्हणजे स्टुडंट फायनान्स इंग्लंड या विद्यार्थ्यांना कर्ज देणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे अर्ज करणाऱ्यांसाठी आहे. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडचे नियम वेगळे आहेत. कर्जाचे आकडे २०२५-२६ या शैक्षणिक वर्षाचे आहेत. ते दरवर्षी थोडे बदलतात, हिशोबाची रीत मात्र तीच राहते.

१. मुलाला हे कर्ज मिळू शकतं का, ते आधी पाहा

भारतातून स्टुडंट व्हिसावर शिकायला आलेल्यांना हे कर्ज मिळत नाही. इथे राहणाऱ्या घरांतही मूल ब्रिटिश नागरिक असावं किंवा त्याला कायम वास्तव्याचा हक्क असावा, आणि कोर्स सुरू होण्याआधीची तीन वर्षं ते इथे राहत असावं, असा साधारण नियम आहे. ज्यांचा वर्क व्हिसा अजून चालू आहे, त्यांच्या मुलांना सहसा मिळत नाही. मूल इथे खूप वर्षं वाढलं असेल तर दीर्घ वास्तव्याचा वेगळा नियम लागू होऊ शकतो, तो जरूर तपासा. जी मुलं दोनेक वर्षं आजीआजोबांकडे पुण्याला किंवा नाशिकला शाळेत होती, त्यांनी तीन वर्षांची अट नीट वाचावी.

आणखी एक गोष्ट इथेच स्पष्ट करते. फीचं कर्ज आणि राहण्याखाण्याचं कर्ज ही दोन वेगळी कर्जं आहेत. फीच्या कर्जाचा आईवडिलांच्या उत्पन्नाशी काही संबंध नाही. पुढचं सगळं फक्त राहण्याखाण्याच्या कर्जाबद्दल, म्हणजे मेंटेनन्स लोनबद्दल आहे.

२. कुठल्या वर्षाचं उत्पन्न धरतात ते ओळखा

सगळ्यात मोठा गोंधळ इथे होतो. मूल ज्या वर्षी युनिव्हर्सिटीत जातं त्या वर्षाचं उत्पन्न धरत नाहीत, त्याच्या बरंच आधीचं धरतात.

२०२५-२६ मधल्या शिक्षणासाठी : ६ एप्रिल २०२३ ते ५ एप्रिल २०२४ हे टॅक्स इयर
२०२६-२७ साठी : २०२४-२५
२०२७-२८ साठी : २०२५-२६
२०२८-२९ साठी : २०२६-२७

याचा अर्थ असा. २०२७ च्या सप्टेंबरात जाणारं मूल २०२५ च्या सप्टेंबरात इयर ट्वेल्व्हला बसलं. म्हणजे त्याच्या पहिल्या वर्षाच्या कर्जासाठी मोजलं जाणारं टॅक्स इयर ते इयर इलेव्हनच्या परीक्षांच्या तयारीत असतानाच सुरू झालं, आणि ते इयर ट्वेल्व्हच्या मध्यावर असताना संपलं. पेन्शनमध्ये भरलेली रक्कम वजा व्हायला हवी असेल तर ती या खिडकीत भरलेली असावी लागते. अर्ज भरताना जाग येऊन कितीही भरलं, तरी पहिल्या वर्षाला त्याचा उपयोग नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला मात्र होतो, कारण दरवर्षी नव्यानं उत्पन्न पाहतात.

सिपमध्ये (SIPP, म्हणजे स्वतः उघडायचं वैयक्तिक पेन्शन खातं) मार्चअखेर पैसे टाकणाऱ्यांनी लक्षात ठेवा : रक्कम ५ एप्रिलपर्यंत पेन्शन कंपनीकडे जमा झालेली असायला हवी, तुमच्या बँकेतून निघालेली असून भागत नाही. आपल्याला ३१ मार्चची सवय असते, त्यामुळे पाच दिवस हातात आहेत असं वाटतं. त्यात ईस्टरच्या सुट्ट्या येतात, पहिल्यांदाच खातं उघडत असाल तर ओळखीची तपासणी येते. मार्चच्या मध्यापर्यंत काम उरकलेलं बरं.

३. घरचं उत्पन्न म्हणजे कुणाकुणाचं?

आईवडील एकत्र राहत असतील तर दोघांचं. वेगळे झाले असतील तर मूल ज्याच्याकडे राहतं त्याचं, आणि त्या पालकाचा जोडीदार त्याच घरात राहत असेल तर त्याचंही. तो जोडीदार मुलाचा सख्खा पालक नसला तरी. भारतातून येऊन राहिलेल्या आजीआजोबांचं उत्पन्न धरत नाहीत. मुलाची स्वतःची शनिवार-रविवारची नोकरीही धरत नाहीत.

पगार कर कापण्याच्या आधीचा धरतात. त्याशिवाय बचतीवरचं करपात्र व्याज, डिव्हिडंड, भाडं, नोकरीतून मिळणाऱ्या करपात्र सोयी, हे सगळं येतं. आयसा (ISA) या बचत खात्याचं व्याज करमुक्त असल्यानं येत नाही. चाइल्ड बेनिफिटही येत नाही.

आता आपल्या लोकांचा खास मुद्दा. ठाण्याच्या फ्लॅटचं भाडं, बँकेतल्या एफडीचं व्याज, हे इथल्या रहिवाशाला इथल्या कराच्या हिशोबात दाखवावं लागतं. एनआरई एफडीचं व्याज भारतात करमुक्त असलं तरी इथे करपात्र आहे. भारतातलं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं, इथलं ५ एप्रिलला, तेव्हा आकडे इथल्या वर्षात बसवून घ्यावे लागतात. ‘तिकडचं तिकडे’ असं म्हणून सोडून देऊ नका. स्टुडंट फायनान्स आपला आकडा एचएमआरसीकडे, म्हणजे इथल्या करखात्याकडे, पडताळून पाहतं, आणि दोन सरकारी खात्यांना दोन वेगवेगळे आकडे सांगणं कुणाच्याही हिताचं नाही.

या एकूण उत्पन्नातून मुख्यतः दोन वजावटी मिळतात. अर्ज करणारं मूल सोडून अवलंबून असलेल्या इतर प्रत्येक मुलामागे १,१३० पौंड, आणि करसवलत मिळणारी पेन्शनची रक्कम. पहिली वजावट ठरीव आहे, तिच्यात डोकं लावावं लागत नाही. दुसरीत लावावं लागतं.

भारतातल्या पीपीएफमध्ये भरलेले पैसे आणि एलआयसीचे हप्ते या वजावटीत बसत नाहीत. ती आपली बचत असली तरी तिच्यावर इथे करसवलत नाही, आणि विम्याचा हप्ता तर नियमातच बाहेर ठेवला आहे.

४. तुमचं पेन्शन कोणत्या वाटेनं जातं ते शोधा

हे पाऊल नीट घेतलं तर बाकीचं सोपं जातं. इंग्लंडमध्ये नोकरदाराची पेन्शनची रक्कम तीन वाटांनी जाते, आणि प्रत्येक वाटेला वजावटीचं उत्तर वेगळं आहे.

पहिली वाट : सॅलरी सॅक्रिफाइस. तुम्ही करारानेच पगार कमी घेता आणि तेवढी रक्कम कंपनी पेन्शनमध्ये भरते. आयटीतल्या आणि मोठ्या खासगी कंपन्यांतल्या आपल्या बऱ्याच लोकांचं असंच असतं. इथे पी६० वर येणारा पगार आधीच कमी झालेला असतो. ४०,००० पगारातून २,००० सोडले तर पी६० वर ३८,००० दिसतात. वजावट आपोआप झालेली आहे, फॉर्ममध्ये वेगळं काहीही लिहायचं नाही.

दुसरी वाट : नेट पे. रक्कम तुमच्याच पगारातून कापतात, पण कर मोजण्याच्या आधी. एनएचएस, शिक्षकांची पेन्शन योजना, कौन्सिलची लोकल गव्हर्न्मेंट पेन्शन योजना या सगळ्या अशा चालतात. नाव ‘नेट पे’ असलं तरी कापणी करापूर्वीच्या पगारातून होते, त्यामुळे नावावर जाऊ नका. इथेही पी६० वरचा करपात्र पगार पेन्शन वजा होऊनच आलेला असतो. एनएचएसमधली आई आणि शाळेतले बाबा, असं घर असेल तर दोघांच्याही बाबतीत काही लिहायचं नाही.

तिसरी वाट : रिलीफ अ‍ॅट सोर्स. इथे रक्कम कर कापून झालेल्या पगारातून जाते आणि मग पेन्शन कंपनी सरकारकडून २० टक्के करसवलत आणून तुमच्या खात्यात घालते. तुमचे ८० पौंड गेले की खात्यात १०० जमा होतात. नेस्ट ही बऱ्याच कंपन्या वापरतात ती पेन्शन योजना अशी चालते. स्वतः उघडलेली सिप आणि बहुतेक वैयक्तिक पेन्शन असंच चालतं. इथे पी६० वर पूर्ण पगार दिसतो, पेन्शन त्यातून वजा झालेलंच नसतं. म्हणून ही वजावट तुम्हाला स्वतः मागावी लागते. कुणी विचारायला येत नाही, आणि तुम्ही लिहिली नाही तर मुलाचं कर्ज गपचूप कमी ठरतं.

आपलं पेन्शन कुठल्या वाटेचं हे एचआरला विचारता येतं, पण पेस्लिपवरूनही कळतं. मूळ पगार आणि करपात्र पगार हे दोन आकडे शेजारी ठेवा. पेन्शनची ओळ कापणीच्या रकान्यात आहे आणि करपात्र पगार मूळ पगाराइतकाच आहे, तर तिसरी वाट. करपात्र पगार पेन्शनच्या रकमेएवढा कमी आहे, तर दुसरी. मूळ पगारच करारापेक्षा कमी दिसतो आहे, किंवा मिळकतीच्या रकान्यात पेन्शनची रक्कम वजाचिन्हासह आहे, तर पहिली. वर्षभरात नोकरी बदलली असेल तर दोन्ही ठिकाणच्या पेस्लिपा पाहा, कारण वाटही बदललेली असू शकते.

स्वतःचा व्यवसाय करणाऱ्यांनी सिपमध्ये भरलेली रक्कम नफ्यातून वजा झालेली नसते, त्यामुळे त्यांचीही तिसरीच वाट. स्वतःच्या लिमिटेड कंपनीतून कंपनीच्या नावानं पेन्शन भरत असाल, तर ती रक्कम तुमच्या वैयक्तिक उत्पन्नात कधी आलीच नव्हती. जे आलंच नाही ते वजाही होत नाही.

५. तिसऱ्या वाटेचा आकडा काढा

इथे तीन आकडे समोर येतात आणि बरोबर त्यांतला एकच असतो. उदाहरण घेते.

एका घरात बाबांची आयटीतली नोकरी, सॅलरी सॅक्रिफाइसनंतर पी६० वर ३६,०००. आई एका ऑफिसात हिशोबाचं काम करते, पी६० वर १८,०००, पेन्शन नेस्टमध्ये. धाकटा मुलगा शाळेत.

आईचं पेन्शन किमान दरानं, म्हणजे ६,२४० च्या वरच्या पगारावर ५ टक्के जातं. १८,००० उणे ६,२४० म्हणजे ११,७६०. त्याचे ५ टक्के ५८८. यातले ४७०.४० तिच्या पगारातून गेले आणि ११७.६० सरकारनं घातले. शिवाय कंपनीनं ३ टक्के, म्हणजे ३५२.८०, आपल्याकडून भरले. नेस्टच्या खात्यात वर्षभरात एकूण ९४०.८० जमा झाले.

फॉर्मवर काय लिहायचं? ४७०.४० नाही, कारण नियम करसवलतीसह एकूण रकमेचा आहे. ९४०.८० नाही, कारण कंपनीचा वाटा तिच्या पगारातून गेलेला नाही. बरोबर आकडा ५८८.

म्हणजे घरचं उत्पन्न असं : ३६,००० अधिक १८,००० म्हणजे ५४,०००. त्यातून ५८८ गेले, धाकट्याचे १,१३० गेले. उरले ५२,२८२.

बाबा दुसऱ्या वाटेवर असते किंवा आहेत तसे पहिल्या वाटेवर, त्यांच्या पेन्शनचा आकडा इथे पुन्हा वजा करायचा नाही. हीच ती दुहेरी वजावट. पेस्लिपवर पेन्शनची ओळ दिसते, फॉर्ममध्ये पेन्शनचा रकाना दिसतो, आणि हात आपोआप लिहायला जातो. पडताळणीत ते सापडलं तर अर्ज अडकतो. न सापडता मंजूर झालं आणि नंतर उघडकीला आलं, तर जादा मिळालेली रक्कम मुलाच्या पुढच्या पैशांतून वळती होते.

चाळीस टक्के कर भरणाऱ्या पालकांनी सिपमधल्या रकमेवर आणखी २० टक्के सवलत सेल्फ असेसमेंटमधून (स्वतः भरायच्या करविवरणपत्रातून) मिळवलेली असते. त्या परताव्याचा इथल्या आकड्याशी संबंध नाही. सिपमध्ये ४,००० भरले, खात्यात ५,००० झाले, तर वजावट ५,००० ची.

६. कर्जात किती फरक पडतो?

घराबाहेर, पण लंडनच्या बाहेर राहणाऱ्या विद्यार्थ्याला २०२५-२६ मध्ये जास्तीत जास्त १०,५४४ पौंड मिळतात. त्यासाठी घरचं उत्पन्न २५,००० किंवा कमी असावं लागतं. तिथून उत्पन्न वाढेल तसं कर्ज उतरत जातं आणि ६२,००० च्या थोडं पुढे ४,९१५ या किमान आकड्यावर थांबतं. लंडनमध्ये राहणाऱ्याला कमाल १३,७६२, घरीच राहून शिकणाऱ्याला ८,८७७.

या उतरणीचा दर काढला तर उत्पन्नाच्या दर १,००० पौंडांमागे कर्ज सुमारे १५० पौंडांनी हलतं. वरच्या घरातल्या मुलीला लंडनबाहेर राहायचं असेल तर ५२,२८२ वर तिला सुमारे ६,४०० मिळतील. आईचे ५८८ लिहायचे राहिले तर नव्वदेक पौंड कमी. रक्कम फार मोठी नाही, पण ती तीन वर्षं दरवर्षी जाते. शिवाय सिपमध्ये नियमित भरणाऱ्या घरात हाच फरक सहज हजाराच्या घरात जातो.

उत्पन्न किमान कर्जाच्या पट्ट्यात असेल, उदाहरणार्थ दोघांचं मिळून ९०,०००, तर थोड्याफार वजावटीनं काहीच बदलत नाही. आणि २५,००० च्या खाली असेल तर कर्ज आधीच पूर्ण मिळतं आहे. हे सगळं मधल्या पट्ट्यातल्या घरांसाठी आहे, आणि आपली बरीच घरं तिथेच आहेत. पूर्ण कर्जासाठीची २५,००० ची मर्यादा २००८ पासून हललेली नाही. पगार तेवढ्यात कितीतरी पुढे गेले. म्हणून बेताचा पगार असलेलं घरही आज कागदावर सुखवस्तू ठरतं, आणि वजावटीचा प्रत्येक पौंड महत्त्वाचा होतो.

कर्जापेक्षाही एक मोठी गोष्ट आहे, जिच्याकडे पालकांचं लक्ष जात नाही : युनिव्हर्सिटीची बर्सरी. ती परत करायची नसते. अनेक युनिव्हर्सिट्या ती देताना स्टुडंट फायनान्सनं ठरवलेला घरच्या उत्पन्नाचा आकडाच वापरतात. आणि बऱ्याच ठिकाणी ती कर्जासारखी हळूहळू उतरत नाही, ठरलेल्या मर्यादेच्या एका बाजूला पूर्ण असते, दुसऱ्या बाजूला शून्य. तुमचं उत्पन्न मर्यादेच्या थोडंच वर असेल, तर पेन्शनची राहून गेलेली वजावट मुलाची अख्खी बर्सरी घालवू शकते. मूल ज्या चार-पाच ठिकाणी अर्ज करणार आहे त्यांच्या बर्सरीच्या मर्यादा आधी लिहून ठेवा. फॉर्ममध्ये उत्पन्नाची माहिती युनिव्हर्सिटीला कळवायची परवानगी विचारतात, ती पालक आणि विद्यार्थी दोघांनीही द्या. ती न दिल्यानं पात्र मुलांची बर्सरी अडते.

७. कागद गोळा करा

मोजल्या जाणाऱ्या टॅक्स इयरचे हे कागद एका फाइलीत ठेवा :

- दोन्ही पालकांचे पी६०. वर्षात नोकरी बदलली असेल तर पी४५ सुद्धा
- त्या वर्षातली शेवटची पेस्लिप. पेन्शनची वाट तिच्यावरून कळते
- नोकरीतून गाडी, विमा अशा सोयी असतील तर पी११डी
- व्यवसाय किंवा भाडं असेल तर सेल्फ असेसमेंटची प्रत
- तिसऱ्या वाटेच्या प्रत्येक पेन्शनचं स्टेटमेंट, ज्यात तुमचा भरणा, करसवलत आणि कंपनीचा वाटा वेगवेगळे दिसतात
- बँकेच्या व्याजाचे दाखले, इथले आणि भारतातलेही
- दोघांचे नॅशनल इन्शुरन्स नंबर

पेन्शन कंपनीचं वार्षिक स्टेटमेंट कित्येकदा टॅक्स इयरप्रमाणे नसतं, खातं उघडल्याच्या तारखेपासून मोजलेलं असतं. तसं असेल तर ऑनलाइन व्यवहारांच्या यादीतून ६ एप्रिल ते ५ एप्रिल एवढ्याच नोंदी घेऊन बेरीज करा. मार्चच्या पगारातली कापणी कंपनी एप्रिलमध्ये पुढे पाठवते, तेव्हा काठावरच्या नोंदींच्या तारखा दोनदा पाहा.

८. फॉर्म भरताना

अर्ज मुलानं स्वतःच्या खात्यातून करायचा. त्यात ते पालकांचा ईमेल देतं, मग पालकांना त्यांचं वेगळं खातं उघडून उत्पन्न भरायचं असतं. तुमचे आकडे मुलाला दिसत नाहीत. काही घरांत मुलांना पगार कळू नये म्हणून पालक उत्पन्नाचा भागच टाळतात आणि मुलाला किमान कर्जावर ठेवतात. त्याची गरज नाही.

अर्ज साधारण वसंतात सुरू होतात. युनिव्हर्सिटीची जागा पक्की व्हायची वाट पाहू नका, नंतर कोर्स बदलता येतो. शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून नऊ महिन्यांपर्यंत अर्ज चालतो, पण उशीर केला तर सप्टेंबरात मुलाच्या हातात पैसे नसतात आणि खोलीचं भाडं मात्र थांबत नाही.

बहुतेकांना कागद पाठवावे लागत नाहीत, उत्पन्न एचएमआरसीकडूनच पडताळलं जातं. पण वीस टक्क्यांच्या पट्ट्यातला, सेल्फ असेसमेंट न भरणारा नोकरदार सिपमध्ये भरत असेल, तर ती रक्कम त्याच्या कराच्या कागदात कुठेच आलेली नसते. अशा वेळी पुरावा मागू शकतात. म्हणून स्टेटमेंट आधीच उतरवून ठेवा.

९. कर्ज वाढावं म्हणून मुद्दाम पेन्शन भरावं का?

हा प्रश्न मला प्रत्येक घरात विचारतात. पेन्शनमध्ये जास्त भरणं पूर्ण कायदेशीर आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण हिशोब उघड्या डोळ्यांनी करा.

वरच्या उदाहरणातल्या बाबांनी सिपमध्ये ४,००० घातले, सरकारचे धरून ५,००० झाले. घरचं उत्पन्न ४७,२८२ वर आलं, मुलीचं कर्ज सुमारे ७,२०० झालं. म्हणजे ७५० पौंड जास्त. पण घरातून ४,००० गेले आणि ते आता पेन्शनच्या वयापर्यंत हाती येणार नाहीत. ते वय आज ५५ आहे, ६ एप्रिल २०२८ पासून ५७ होणार आहे. मुलीचं खोलीभाडं कर्जात भागत नसेल, आणि बहुतेक ठिकाणी भागत नाही, तर वरचे पैसे आईवडीलच देतात. ज्या घराला ते देण्यासाठी रोख लागणार आहे, त्यानं ४,००० कुलपात ठेवून ७५० मोकळे करू नयेत.

ज्यांची बचत आयसात किंवा बँकेत पडून आहे, ज्यांना निवृत्तीसाठी तशीही भर घालायचीच आहे, त्यांनी मात्र ती मोजल्या जाणाऱ्या वर्षांत घालावी. तेच पैसे दोन वर्षं आधी किंवा चार वर्षं नंतर घालण्यापेक्षा आता घातले तर मुलाला फायदा होतो. घरात लहान भावंड असून एका पालकाचं उत्पन्न ६०,००० ते ८०,००० च्या दरम्यान असेल, तर याच रकमेनं चाइल्ड बेनिफिटवरचा कर-आकारही कमी होतो. तिथे दोन्ही फायदे एकत्र येतात आणि माझ्या मते विचार नक्की करावा.

भरण्याला मर्यादा आहेत. वर्षाला एकूण ६०,००० पर्यंत, आणि वैयक्तिक भरण्यावर सवलत मिळते ती त्या वर्षीच्या कमाईएवढ्याच रकमेवर. सॅलरी सॅक्रिफाइस वाढवताना पगार किमान वेतनाच्या खाली जाता कामा नये, त्यामुळे बेताच्या पगारातल्यांना ती वाट बहुधा बंदच असते.

उलटी चूकही सांगते, कारण ती जास्त महाग पडते. पंचावन्नच्या पुढचे काही पालक मुलाच्या खर्चासाठी स्वतःच्या पेन्शनमधून पैसे काढतात. पहिले २५ टक्के करमुक्त असतात, त्यापुढची रक्कम त्या वर्षाचं करपात्र उत्पन्न म्हणून धरली जाते. पहिल्या वर्षी काढलेले २०,००० मग तिसऱ्या वर्षाच्या कर्जाच्या हिशोबात उभे राहतात आणि ते कर्ज कमी करतात. काढायचेच असतील तर करमुक्त भागावर थांबता येतं का ते पाहा, किंवा ज्या वर्षाचं उत्पन्न आता कुठल्याच कर्जासाठी मोजलं जाणार नाही त्या वर्षी काढा.

आता कर्जाच्या धास्तीबद्दल. ‘मुलाच्या डोक्यावर जास्त कर्ज कशाला’ असं आपल्याकडे मनापासून वाटतं, आणि त्यात गैर काही नाही. पण ऑगस्ट २०२३ नंतर कोर्स सुरू केलेल्यांसाठी नियम असा आहे : कमाई वर्षाला २५,००० च्या वर गेली की वरच्या रकमेच्या ९ टक्के कापतात, आणि ४० वर्षांनी उरलेलं माफ होतं. दरमहा कापली जाणारी रक्कम पगारावर ठरते, कर्ज किती यावर नाही. कर्ज ७५० नी जास्त असेल तर हप्ता तोच राहतो, फेडीचा काळ थोडा लांबतो. पोटाला चिमटा काढून किंवा क्रेडिट कार्डावर दिवस काढण्यापेक्षा मुलानं हे कर्ज घेणं मला बरं वाटतं.

१०. मधल्या काळात उत्पन्न घटलं तर

दोन वर्षांपूर्वीचा आकडा आज खोटा ठरलेला असू शकतो. नोकरी गेली, तास कमी झाले, कुणी निवृत्त झालं. घरचं एकूण उत्पन्न मोजल्या गेलेल्या वर्षापेक्षा किमान १५ टक्क्यांनी कमी होणार असेल, तर चालू वर्षाच्या उत्पन्नावर हिशोब करून मागता येतो. आधी नेहमीप्रमाणे जुन्या वर्षाचे आकडे भरायचे, मग वेगळा अर्ज. यात तुम्ही दिलेला अंदाज धरतात आणि वर्ष संपल्यावर खरे आकडे मागतात. अंदाज फार कमी दिला असेल तर जादा गेलेलं परत घेतात, म्हणून बोनस, नोकरी सुटताना मिळालेल्या रकमेचा करपात्र भाग, भारतातलं व्याज हे अंदाजात विसरू नका. तिसऱ्या वाटेच्या पेन्शनचा अंदाजही त्यातच लिहायचा.

११. निकाल आल्यावर पडताळा

मुलाला मंजुरीचं पत्र येतं. त्यावरचं मेंटेनन्स लोन आणि तुम्ही काढलेलं घरचं उत्पन्न हे दोन्ही त्या वर्षीच्या अधिकृत तक्त्याशी ताडून पाहा. दहा-वीस पौंडांचा फरक सोडून द्या. पन्नास ते दोनशेच्या दरम्यान असेल तर बहुधा पेन्शनची किंवा धाकट्या भावंडाची वजावट राहिली आहे. दोनशेच्या वर असेल तर पगाराचाच आकडा वेगळा धरला गेला आहे का, दोन नोकऱ्यांपैकी एक राहिली आहे का, हे पाहा.

चूक सापडली तर मुलाचा कस्टमर रेफरन्स नंबर हाताशी ठेवून फोन करा. बोलायचं ते एका वाक्यात बांधून घ्या : ‘हे रिलीफ अ‍ॅट सोर्स पेन्शन आहे, पी६० मध्ये ते वजा झालेलं नाही, करसवलतीसह रक्कम इतकी.’ मग स्टेटमेंट तुमच्या ऑनलाइन खात्यातून चढवा. पैसे तीन हप्त्यांत येतात, प्रत्येक टर्मच्या सुरुवातीला. सप्टेंबरच्या आत दुरुस्ती झाली तर तिन्ही हप्ते नव्या आकड्यानं येतात. नंतर झाली तरी वाढलेली रक्कम उरलेल्या हप्त्यांत मिळते, तेव्हा पहिली टर्म उलटली म्हणून सोडून देऊ नका.